विंडोज पुन्हा टाकताना ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा एरर येतोय. एसएसडी खरंच गेली का?

नवीन एसएसडीचे (म्हणजे लॅपटॉपमधल्या डिस्कचे) पैसे देऊ नका. निदान आज तरी नाही.

तुम्ही सांगितलंय त्यावरून चित्र असं दिसतं: लॅपटॉप २०२२ मध्ये घेतलेला, इंटेल आय५, अकरावी जनरेशन. विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकायला लागली म्हणून मित्राच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह तयार करून घेतला. सेटअप नीट सुरू झाला, भाषा निवडली, पुढे गेलात आणि जिथे सी, डी ड्राइव्ह दिसायला हवेत तिथे रिकामी पाटी. खाली एक ओळ, ‘वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’, आणि ‘लोड ड्रायव्हर’चं बटण. दुकानदार म्हणाला एसएसडी गेली, नवी टाकू. आत टॅलीचा तीन वर्षांचा डेटा आणि मुलीचा प्रोजेक्ट.

गेली बारा वर्षं मी हेच दुरुस्तीचं काम करतोय. अकराव्या जनरेशनपासून पुढच्या इंटेल लॅपटॉपवर ही पाटी मी इतक्यांदा पाहिली आहे की ती दिसली तर एसएसडीवर संशय घेणं मी सगळ्यात शेवटी ठेवतो. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि एसएसडी यांच्या मध्ये इंटेलचा एक कंट्रोलर बसलेला असतो, त्याला व्हीएमडी म्हणतात. बऱ्याच कंपन्या तो कारखान्यातूनच चालू करून पाठवतात. त्याच्याशी बोलायला विंडोजला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग ओळखायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो. तुमच्या जुन्या विंडोजमध्ये तो कंपनीनं टाकलेला होता. मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेल्या कोऱ्या सेटअपमध्ये तो नसतो, म्हणून सेटअपला दारच दिसत नाही. घर आत शाबूत असतं.

खात्री कशी करायची? लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ२ (एचपी असेल तर एस्केप किंवा एफ१०) टकटक दाबत राहा, बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची सेटिंगची पानं, उघडेल. पहिल्या पानावर किंवा ‘इन्फर्मेशन’मध्ये एसएसडीचं मॉडेल आणि ५१२ जीबी वगैरे लिहिलेलं दिसतंय का ते बघा. दिसलं, तर ती जिवंत आहे. तिथेही नाव नसेल, तर मागचं झाकण उघडून एसएसडी स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवून घ्या, स्क्रू ढिला झालेलाही मी पाहिलाय. त्यानंतरही बायोसला दिसत नसेल, तरच दुकानदाराचं म्हणणं धरून चाला.

आता ड्रायव्हर. लॅपटॉपच्या मागे मॉडेल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाका, ड्रायव्हरच्या यादीत ‘स्टोरेज’खाली ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ सापडेल. लोक इथेच फसतात: उतरलेली एक्झी फाइल तशीच पेन ड्राइव्हवर टाकतात आणि सेटअप म्हणतो, ड्रायव्हर सापडला नाही. सेटअपला एक्झी नको, आतल्या सुट्या फाइली हव्यात, म्हणजे शेवटी ‘आयएनएफ’ आणि ‘एसवायएस’ असलेल्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सेव्हन-झिपने ती एक्झी उलगडून बघा, बऱ्याचदा ‘व्हीएमडी’ नावाचं फोल्डर निघतं. ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा. मग सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, ब्राउझ, ते फोल्डर, ओके. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ अशी ओळ आली की समजा काम झालं, तो आकडा अकराव्या जनरेशनचा. (बाराव्याला ४६७एफ असतो.) नेक्स्ट दाबल्यावर दोन-चार सेकंद काहीच होत नाही, आणि मग रिकाम्या पाटीवर एकाखाली एक पार्टिशन उमटतात. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा उजळतो ते मी खूपदा पाहिलंय.

इथे थांबा. हात माउसवरून काढा. डिलीटचं बटण त्या यादीच्या अगदी जवळ असतं.

२०१६ मध्ये एका शिक्षकांचा डेस्कटॉप माझ्याकडे आला होता. एरर होता ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येईल’ या अर्थाचा. (एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत.) मला उपाय तोंडपाठ होता: शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. पाच ओळी, दोन मिनिटं. मी त्यांना ‘सी मध्ये काही ठेवलंय का’ एवढंच विचारलं होतं. ते म्हणाले, नाही, सगळं डी मध्ये आहे. क्लीन ही आज्ञा सी आणि डी बघत नाही, ती अख्खी डिस्क पुसते. डी मध्ये त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षातले फोटो होते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवून बरेचसे परत आले, पण नावं गेली, फोल्डर गेले, तारखा गेल्या. नुसते आकड्यांच्या नावाचे हजारो फोटो. सरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तेव्हापासून समोरचा ‘काही नाही आत’ म्हणाला तरी मी आधी डिस्क उघडून बघतो.

तेव्हा तुमचा डेटा आधी बाहेर काढा. त्यासाठी विंडोज चालू व्हायलाच हवी असं नाही. ड्रायव्हर लोड झाल्यावर त्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं). काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर करा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली ‘टेक्स्ट’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडा. हीच तुमची फाइल उघडण्याची खिडकी. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती टक्के झालं ते इथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, घाबरून बंद करू नका. ड्राइव्हची अक्षरंही इथे बदललेली असतात, तुमची सी कदाचित डी म्हणून दिसेल, म्हणून अक्षरावर न जाता आतली फोल्डरं बघा.

टॅली प्राइमचा डेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा असा सापडतो. आत आकडी नावाची फोल्डरं असतात, एक कंपनी म्हणजे एक फोल्डर. ‘डेटा’ फोल्डरच उचला. लायसन्सचा सीरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल लिहून ठेवा. मुलीचा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर असेल तर लक्षात घ्या, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही सी मध्येच असतात. ‘माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, सी मध्ये काही नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी वापरत असाल तर तिचाही सीरियल नंबर आणि वेगळे घातलेले फॉन्ट आधी बाजूला काढा.

फोल्डर उघडताना कुलूप दिसलं, तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, लागलंय. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर तो कित्येकदा मालकाला न कळता चालू झालेला असतो. ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मोबाइलवर त्याच अकाउंटमध्ये शिरा, ‘डिव्हायसेस’मध्ये लॅपटॉपच्या नावाखाली ती मिळते. ती हातात येईपर्यंत डिस्कला हात लावू नका, कारण तिच्याशिवाय तो डेटा कोणीही उघडू शकत नाही, मीही नाही.

व्हीएमडी बायोसमधून बंद करणं हा दुसरा रस्ता तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. एसूसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली मिळतो, डेलमध्ये स्टोरेजमध्ये ‘रेड ऑन’ऐवजी ‘एएचसीआय’ करावं लागतं, एसरच्या काही मॉडेलमध्ये मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्याशिवाय हा पर्याय दिसतच नाही. बंद केला की सेटअपला ड्रायव्हरशिवाय डिस्क दिसते, आणि एकच एसएसडी असलेल्या घरच्या लॅपटॉपचं त्यानं काही अडत नाही. पण तुमची जुनी विंडोज मग ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून उठणार नाही (परत चालू केला की हा एरर जातो), आणि बिटलॉकर असेल तर लगेच की मागेल. म्हणून डेटा बाहेर पडेपर्यंत मी हा पर्याय सुचवत नाही.

डेटा सुरक्षित झाला की सेटअप पुढे न्या. मध्येच ‘०x८००७०५७०’ असा एरर आला, फाइल खराब किंवा गायब आहे म्हणून, तर दोष सहसा पेन ड्राइव्हचा असतो. स्वस्तात ‘६४ जीबी’ म्हणून मिळालेले पेन ड्राइव्ह आतून खूप कमीचे निघतात. चांगल्या कंपनीचा ८ जीबी पुरतो, त्यावर मीडिया क्रिएशन टूलने पुन्हा बनवा, पोर्टही बदलून बघा. तरीही तोच एरर आला तर रॅम तपासा. जुन्या मशीनमध्ये रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबरने हलके पुसून बसवली की काम झाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असेल तर हा उपाय नाही.

एमबीआर-जीपीटीचा एरर तुम्हाला यायचं कारण नाही, तो जुन्या डेस्कटॉपवर येतो. आलाच कोणाला, तर क्लीन करायच्या आधी दोन गोष्टी: विंडोज १० टाकायची असेल तर बूट मेनूत पेन ड्राइव्हच्या दोन नोंदी दिसतात का बघा, ‘यूईएफआय’ शब्द नसलेली निवडली तर डिस्क न पुसताही काम होतं. आणि २०१७ पासून विंडोजमध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन येतं, ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. २०१६ मध्ये ते नव्हतं, पण पहिला रस्ता तेव्हाही होता, मला तो सुचला नाही.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल, तीच टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर काही मशीन त्याच्यावरूनच पुन्हा सुरू होतात आणि सेटअप पहिल्या पानापासून चालू होतो. शेवटी ‘नेटवर्कला जोडा’ या पानावर वाय-फाय दिसलं नाही तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक वेळा त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि पुढचे ड्रायव्हर त्याच नेटवरून उतरतात.

प्रॉडक्ट की साठी कोणालाही पैसे देऊ नका. विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपची की त्याच्या बोर्डवरच नोंदलेली असते. सेटअपनं विचारलं तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि आधी होतं तेच एडिशन टाका, होम असेल तर होम. मित्रानं सांगितलं म्हणून प्रो टाकलंत तर ॲक्टिव्हेट होणार नाही. नेट लागल्यावर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून बघा, तिथे ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं आलं की टॅली टाकायला घ्या.