पीडीएफवर सही करण्याआधी एवढं बघा

तासगाव-मिरजेकडच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा बँकेला द्यायचा असेल, तर डाउनलोड केलेली मूळ फाइल तशीच ठेवा. खुणा, शेरे फक्त प्रतीवर करा. डिजिटल सही म्हणजे चित्र नव्हे, ती फाइलच्या आतल्या मजकुराशी गणिताने बांधलेली असते. 'प्रिंट टू पीडीएफ' केलंत की सही जाते, उरतं नुसतं तिचं चित्र. अक्रोबॅट रीडरमध्ये प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नाही. बहुतेकदा सहीमागचं डिजिटल प्रमाणपत्र (सही कुणाची ते सांगणारं) तुमच्या संगणकाच्या विश्वासाच्या यादीत नसतं. सही करणाऱ्याचं आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव तपासा, मगच ते यादीत घाला.

साध्या कागदपत्राच्या पीडीएफवर स्वतःच्या सहीचं चित्र लावायचं असेल, तर सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा, 300 डीपीआयला स्कॅन करा, पार्श्वभूमी काढून पीएनजी ठेवा. जेपीजीत पारदर्शकता नसते, म्हणून सहीभोवतीचा पांढरा चौकोन खालची रेघ झाकतो.

हळदीच्या सौद्याच्या मराठी करारनाम्याची पीडीएफ बदल करायला लिब्रेऑफिस ड्रॉ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली की जोडाक्षरं बहुतेकदा फुटतात. पीडीएफमध्ये मुख्यतः अक्षरांचे आकार आणि जागा साठवलेल्या असतात, त्यातून मूळ मजकूर नीट परत मिळत नाही. डागडुजी करत बसू नका, मूळ वर्ड फाइलच मागून घ्या.

आणि कृपा करून आधार क्रमांकावर नुसता काळा चौकोन काढू नका! खालचे आकडे कॉपी करता येतात. चौकोन काढल्यावर ते पान चित्र म्हणून एक्सपोर्ट करा आणि त्या चित्राची नवी पीडीएफ बनवा.