आजीच्या भिंतीवरचा खिळा

बाय,

नाईट ड्युटीला निघतेय, उशीर झालाय, पण सकाळी बॅग भरता भरता तू जे विचारलंस ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून ठेवते, हळूहळू वाच, अडलं तर ब्रेकमध्ये फोन कर. तुझी ती मैत्रीण म्हणाली ना की देवाचं चित्र ठेवणं पाप आहे, बायबलातल्या दहा आज्ञांत तसं लिहिलंय, मग वसईच्या घरी आजी फोटोसमोर मेणबत्ती लावते ते चूक का?

मैत्रीण खोटं बोलत नाहीये. निर्गम पुस्तकाच्या 20व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको असं आहेच. आपण कॅथलिक ते पहिल्या आज्ञेतच धरतो, बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती वेगळी दुसरी आज्ञा म्हणून शिकवतात, म्हणून तिला ती तोंडपाठ आणि तुला नाही. पण त्याच बायबलात पुढे देवच लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला, पितळेचा साप करून काठीवर लावायला सांगतो, साप चावलेल्या माणसाने त्याच्याकडे बघितलं की तो वाचायचा. आणि मग कित्येक पिढ्यांनी हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यासमोर धूप जाळायला लागलेले. साप तोच ग, लोकांचं त्याच्याकडे बघणं बदललं. मला ही गोष्ट मोशेच्या लोकांनी पुजलेल्या सोन्याच्या वासरापेक्षा जास्त आवडते पण आमच्या धर्मशिक्षणाच्या क्लासला मात्र कायम वासरूच.

चर्चमध्येही यावरून शंभरेक वर्षं जोरदार भांडणं झालीत, चित्रं फोडली, लोकांना हाकललं, त्यातच 787 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या सभेत ठरलं की मान चित्राला नाही, चित्रात जो आहे त्याला जातो. आणि येशू खराखुरा माणूस होता, लोकांनी त्याला बघितलं होतं, म्हणून त्याचं चित्र काढता येतं, हा त्यांचा मुद्दा.

आता आजीचं सांगते. तू रांगत होतीस त्या वर्षीची गोष्ट. येशूच्या पवित्र हृदयाचा तो मोठा फोटो, आजीच्या लग्नातला, केळीच्या वाडीकडच्या भिंतीवर, आणि आपल्याकडचा पाऊस तुला माहितीय, भिंतीला ओल धरली, काचेच्या आतून बुरशी चढत चढत आधी झगा गेला, मग चेहरा, शेवटी येशूचा नुसता एक हात दिसत होता. मामाने फोटो उतरवला, नवीन आणतो म्हणाला आणि नेहमीसारखा विसरला. मी सुट्टीवर गेले तर भिंतीवर एक फिकट चौकोन, मधे खिळा, आणि संध्याकाळी सातला आजी त्याच्याचसमोर मेणबत्ती लावून जपमाळ घेऊन बसलेली! मी म्हटलं आई, बघतेस कुणाकडे? तर म्हणाली, आधी तरी कुठं बघायचे, डोळे मिटलेलेच असतात की. आणि पुढचा मणी धरला.

खरी गोची भिंतीवरच्या फोटोची नाहीच, डोक्यातल्या फोटोची आहे. माझ्या डोक्यातला देव लहानपणी आमच्या शाळेतल्या एका सरांसारखा होता, चष्मा, हातात हजेरीचं रजिस्टर, माझ्या नावापुढे लाल फुली. तो कुठल्याही भिंतीवर नव्हता पण काढून टाकायला मला वीस वर्षं लागली. तसाच गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू, अरे तो नाझरेथचा ज्यू सुतार, उन्हात काम करणारा, कसा असेल गोरा! आपल्या गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका नावाच्या चित्रकाराने चित्रात येशूच्या आईला, मारियाला, साडी नेसवली तर लोक चिडले होते म्हणे, युरोपातल्या झग्याचं मात्र कुणाला काही नाही.

म्हणून बायबलात शब्दसुद्धा एकच ठेवलेला नाही. बाप आहे, मेंढपाळ आहे, खडक आहे, आणि येशू स्वतःला चक्क पिल्लं पंखाखाली घेणारी कोंबडी म्हणतो, लूकच्या शुभवर्तमानातला 13वा अध्याय वाच. आपले कवी नारायण वामन टिळक, रत्नागिरीकडचे, 1895 साली ख्रिस्ती झाले, ते वारकऱ्यांसारखं ख्रिस्ताला माऊली म्हणायचे. एकच शब्द धरून बसलं की तो शब्दच मूर्ती होतो, असं आपलं मला वाटतं, फादरना विचारलं नाहीये.

आणि हो, हे सगळं वाचून उद्या शेजारच्या काकूंना मूर्तिपूजा वगैरे शिकवायला जाऊ नकोस हां. त्या दीड दिवसाचा गणपती आणतात आणि आपल्या हाताने पाण्यात सोडतात, माती म्हणजे अख्खा देव असं त्यांनाही वाटत नाही.

मैत्रिणीशी भांडू नकोस, तिला पितळेच्या सापाचं विचार, मजा येईल. डाळ फ्रिजमध्ये आहे, भात तू लाव. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला सांग फोन भिंतीकडे धर. मामाने शेवटी फोटो आणला पण जुन्यापेक्षा लहान, त्यामुळे त्याच्या चारी बाजूंनी तो फिकट चौकोन अजून दिसतो.

मम्मी