ड्रॉवरमधली मिठाची डबी

“मॅडम, मीठ कमी करा असं सगळेच सांगतात. पण सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाने ते जमवायचं कसं?” दादरच्या माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. थोडं बोलू दिलं की त्यामागचं खरं वाक्यही येतं: अळणी जेवण घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे अळणी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. ते रोज कोण खाईल?

म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. नाव-गाव बदललं आहे. आपण त्यांना विनायकराव म्हणू. वय 47, घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात, हिशेबाची. बीपी 156/98. गोळी चालू होती, तरी आकडा हलत नव्हता. पहिल्या भेटीला पत्नीही आल्या. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून एक कागद काढला. मिठाची पिशवी कोणत्या तारखेला फोडली आणि कधी संपली, ते त्यावर लिहिलेलं होतं. हा हिशेब मी सगळ्यांनाच करायला लावते. या बाईंनी तो आधीच केला होता. घरात माणसं चार, एक किलोची पिशवी 52 दिवस पुरली. म्हणजे माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमीच मीठ सांगते, साधारण चहाचा एक सपाट चमचा. घरचं गणित चोख होतं. विनायकराव मात्र तासभर गप्प बसून होते.

पुढच्या वेळी मी त्यांना एकट्याला बोलावलं. काय खाता, असं विचारलंच नाही. म्हटलं, “कालचा दिवस सांगा, घराबाहेर पडल्यापासून.” सांगत गेले. एक वाजता डबा, पोळी आणि फ्लॉवरची भाजी. चारला चहाबरोबर फरसाण. सहाला स्टेशनाबाहेर वडापाव, वर तळलेली मिरची मिठात घोळवून. ट्रेनमध्ये जळजळ झाली की ॲसिडिटीची फसफसणारी पावडर पाण्यातून.

“डबा उघडला की आधी काय करता?”

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “ड्रॉवरमध्ये मिठाची डबी आहे. हिला माहीत नाही.”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली आहेत. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही हो. एक दिवस डबा उघडला, तर भाजीतलं मीठ गेलेलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या ताटातलं काय काढायचं, हे मला सोडून सगळ्यांनी ठरवलं.”

डोळे भरून आले होते त्यांचे. रुसवा मिठावर नव्हताच. माणूस सांगितलेलं सोडत नाही, स्वतः ठरवलेलं सोडतो, अशी माझी धारणा आहे आणि माझं सगळं काम त्यावरच चालतं. म्हणून मी त्यांना डबी फेकायला सांगितलं नाही. म्हटलं, “राहू द्या. पण त्यात रोज मोजून पाव चमचा मीठ घ्यायचं. ते कुठे खर्च करायचं ते तुम्ही ठरवा. हिशेब तर तुमचा हातखंडा.”

पंधरा दिवसांनी वही घेऊनच आले! पाव चमचा त्यांनी रात्रीच्या वरणभातासाठी राखून ठेवला होता. वर भुरभुरलेलं मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे थोडं असलं तरी चव येते. दुपारच्या भाजीत पत्नी लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसणाची खमंग फोडणी घालू लागल्या. आमटीत आमसूल. महिनाभरात जीभ सरावली आणि कॅन्टीनची भाजी त्यांना खारट लागायला लागली.

धावपळीच्या माणसाला माझं सांगणं हेच असतं की आधी ताटाची डावी बाजू बघा आणि मग स्टेशन ते ऑफिस रस्ता. लोणचं, पापड, सुकी चटणी, फरसाण, सॉस, नूडल्सचा मसाला, मीठ इथे दडलेलं असतं. पावात मीठ असतं, पापडखारात सोडियम असतं, त्या फसफसणाऱ्या पावडरीतही असतं. सैंधव महाग असलं तरी तेही सोडियम क्लोराइडच, त्याने बीपीला सवलत मिळत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लोकलमध्ये एवढा घाम जातो, मग मीठ नको का, असंही विचारतात. रोजच्या घामाला जेवणातलं मीठ पुरतं. चक्कर येत असेल तर मिठाकडे धावू नका, डॉक्टरांकडे जा. आणि आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एवढ्या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

चार महिन्यांनी विनायकरावांचं बीपी 134/86 आलं. वडापाव आठवड्यातून एकदा, मिरचीशिवाय. गोळी डॉक्टरांनी तशीच ठेवली आहे.

परवा त्यांच्या पत्नींचा फोन आला. कैऱ्या आल्यात, यंदा लोणचं घालू की नको? मी म्हटलं, “मला कशाला, त्यांनाच विचारा.”

“विचारलं ना,” त्या म्हणाल्या, “म्हणाले, छोटी बरणी घाल, मुलांपुरती. मला जेवताना कैरीची एक फोड चिरून दे.”