आबांच्या पेटीतली तिकिटं पाण्यात टाकू का?

प्रश्न : नमस्कार दादा, अमळनेरच्या घरी माळ्यावर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची लोखंडी पेटी सापडली, त्यात दोनेकशे पत्रं निघाली, पोष्टकार्डं, पाकिटं, काही तर १९४५-५० च्या सुमाराची. मुलगा सातवीत आहे, त्याला तिकिटं जमवायचं वेड लागलंय, तो म्हणतो सगळी तिकिटं पाण्यात टाकून सोडवू आणि पत्रं रद्दीत देऊ. करू का तसं? यातून काही पैसे येतील का? आणि हा छंद मुळात सुरू कोणी केला, हे त्याला विचारायचंय.
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आधी ते पाण्याचं घमेलं बाजूला ठेवा. एकही तिकीट सोडवू नका, प्लीज. पोष्टकार्डावर छापलेलं तिकीटही कात्रीनं कापू नका.

कारण सांगतो. त्या पाकिटांवर पत्ता बघा, "जि. पूर्व खानदेश" असं लिहिलेलं नक्की सापडेल. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, जळगावकडचा पूर्व आणि धुळ्याकडचा पश्चिम, १९६० नंतर ही नावं सरकारी कागदावरून गेली. म्हणजे ते नाव, त्यावरचा पोष्टाचा गोल शिक्का, तारीख आणि तिकीट हे सगळं एकत्र असलं तरच त्या पाकिटाला अर्थ आहे, तिकीट सोडवलं की हातात उरतो फक्त रंगीत कागदाचा तुकडा. मी शाळेत असताना माझ्या आजोबांच्या पत्रांवरची तिकिटं अशीच कापली होती आणि पत्रं बंबात गेली, तिकिटं आजही आहेत माझ्याकडे पण ती कुणी, कुठून, कधी पाठवली ते आता कधीच कळणार नाही, त्याचं दुःख अजून आहे.

मुलाला हे काम द्या, पत्रं काळाप्रमाणे लावायची. तारीख पुसली असेल तरी तिकीट बोलतं. किंमत आण्यात किंवा पैत असेल तर सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, त्यानंतर नये पैसे आले आणि भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. १९७१ च्या शेवटी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, "रिफ्युजी रिलीफ" छापलेलं, ते जुन्या पत्रांवर खूप दिसतं. आणि पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, ही पिनकोडची पद्धत आणली ती आपल्याच मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मला स्वतःला शोधायला सगळ्यात आवडतं ते १९४९ च्या मालिकेतलं तीन पैचं अजिंठ्याचं तिकीट, अजिंठा म्हणजे आपल्या जळगावहून दीड-दोन तासांवर, आणि मालिकेतलं सगळ्यात कमी किमतीचं तिकीट असल्यानं ते चिक्कार वापरलं गेलं, पेटीत असेलच बघा.

आता हा छंद सुरू कसा झाला ते. आधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा द्यायचा, तेही अंतरावर, महाग पडायचं म्हणून लोक पत्र परत पाठवायचे. रोलंड हिल या इंग्रज सुधारकांनी सुचवलं की पाठवणाऱ्यानंच आधी थोडे पैसे भरावेत, त्यातून मे १८४० मध्ये पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट आलं, काळ्या रंगाचं, व्हिक्टोरिया राणीचं, भोकं नसलेलं, कात्रीनं कापून घ्यायचं. ब्रिटिश म्युझियममधले प्राणीशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी ती तिकिटं तेव्हाच जपायला म्हणून घेतली, म्हणून पहिला संग्राहक म्हणून त्यांचं नाव घेतात. आणि १८४१ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये एका तरुणीची जाहिरात आली, तिला वापरलेल्या तिकिटांनी खोलीच्या भिंती मढवायच्या होत्या आणि १६,००० जमलीही होती! या छंदाला म्हणतात तो फिलाटेली हा शब्द मात्र १८६४ चा, जॉर्ज एर्पाँ नावाच्या फ्रेंच माणसानं ग्रीक शब्द जोडून केलेला. आपल्याकडे १८५२ ला सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर या इंग्रज अधिकाऱ्यानं अर्ध्या आण्याचं गोल "सिंध डाक" काढलं, आशियातलं पहिलं, आणि १८५४ पासून सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली.

पैशाचं खरं सांगतो, या काळातली बहुतेक वापरलेली तिकिटं लाखोंनी छापलेली आहेत, एकेकट्या तिकिटाला फार भाव येत नाही, कुणी भलतीच किंमत सांगून पेटी मागितली तरी घाई करू नका.

जपायचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टी होतो, कागद कडक होऊन तुटतो, आणि पावसाळ्यात दमट हवेनं न वापरलेली तिकिटं एकमेकांना चिकटतात. पेटी खालच्या खोलीत आणा, पाकिटं स्वच्छ प्लास्टिक कव्हरमध्ये उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, फेविकॉल आणि सेलोटेप अजिबात नको, तिकीट चिमट्यानं धरायचं. पाण्यात सोडवायची हौस असेलच तर हल्लीच्या डबल तिकिटांवर करू दे, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, लाल-पिवळं पाकीट वेगळं कारण रंग उतरतो, मग कोऱ्या कागदावर पालथं वाळवून जाड पुस्तकाखाली.

आणि तो सातवीत आहे ना, मग जवळच्या मोठ्या पोष्टात टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेची चौकशी करा, सहावी ते नववीच्या मुलांना तिकिटांच्या छंदासाठी वर्षाला ६,००० रुपये स्कॉलरशिप मिळते, क्विझ आणि प्रोजेक्ट असतो. प्रोजेक्टसाठी आबांची पत्रं आहेतच, फक्त आधी तुम्ही दोघं बसून ती वाचा, मोडी किंवा अहिराणीत काही असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच वाचून घ्या.