म्हशीचा पान्हा, कुत्र्याची मान, बैलाचा डोळा

रेडकू दगावल्यापासून म्हैस धारेला उभी राहत नाही. शेजारी म्हणतात, इंजेक्शन मार. काय करू? (आटपाडी)

इंजेक्शन मारू नका. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. रेडकानं ढुशी दिली, ओळखीचा हात कासेला लागला, की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि कासेतलं दूध सडात येतं. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच असतो. म्हैस बिथरली की अॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळचं संप्रेरक उसळतं आणि पान्हा जागीच अडतो. आपण म्हणतो, म्हशीनं दूध चोरलं. पण ते तिच्या हातात नसतंच.

माणदेशातल्या एका गोठ्यात मी अशीच म्हैस बघितली. रेडकू जाऊन तीन दिवस झाले होते. बादली खळकली की ती मान वळवून रिकाम्या खुंट्याकडे बघायची, तिथली माती हुंगायची आणि घशातल्या घशात बारीक आवाज काढायची. एरवी हा आवाज रेडकासाठीच असतो. याला दुःख म्हणावं का, यावर वाद घालणारे घालोत. मी म्हणतो.

धार एकाच माणसानं, ठरलेल्या वेळी काढा. पुढ्यात आंबोण ठेवा, कास कोमट पाण्यानं धुवा, सड हळू चोळा. पाय बांधू नका, ओरडू नका. काही दिवस दूध कमी येईल, ते सोसा. कास गरम, टणक लागली किंवा दुधात गाठी दिसल्या तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा.

चप्पल फाडली की आमचा कुत्रा मान खाली घालतो. त्याला चूक कळते ना? (सातारा)

त्याला तुमचा राग कळतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये याचीच परीक्षा घेतली. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, यावर तो 'अपराधी' चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की नाही, यावर ठरत होता. खाऊला न शिवलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसल्यावर मान खाली घालत होती. तासाभरानं घरी येऊन मारलंत, तर मार कशासाठी हे त्याला उमगत नाही. तुमच्या येण्याचीच त्याला धास्ती बसते. चपला उचलून ठेवा आणि चघळायला काहीतरी द्या.

नाग दूध पितो का? (शिराळा)

नाही. दूध हे त्याचं अन्नच नव्हे. तहानेनं व्याकूळ केलेला नाग पुढ्यात येईल त्याला तोंड लावतो, इतकंच.

आमचा खिलार शर्यतीत खुशीनं पळतो. तरी लोक आम्हाला क्रूर म्हणतात. (खटाव)

तुमचा जीव त्याच्यावर आहे, यात मला शंका नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली आणि 18 मे 2023 ला शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा बदललेला कायदा ग्राह्य धरला. पण परवानगी मिळाली म्हणून शेपूट पिरगाळायची, चावायची किंवा शॉक द्यायची मोकळीक मिळालेली नाही. खिलार चपळ खरा. पण बैल भीतीनंही तितक्याच जोरात पळतो, त्यामुळे वेगावरून खुशी ओळखता येत नाही. गाडीला जुंपताना त्याचा डोळा बघा. पांढरा भाग जास्त दिसतोय का, शेण पातळ पडतंय का, तो मागं रेटतोय का? तसं असेल तर त्या दिवशी त्याला पळवू नका.

आणि बेंदराला एकच पोळी द्या. पुरणपोळ्यांचा ढीग पोटात गेला की आम्ल वाढून बैल दगावतो. दरवर्षी बेंदराच्या रात्री मला त्यासाठीच फोन येतात.