नवं ग्लॉक पिस्तूल घेतलं, पण नळीत काजळी आहे. वापरलेलं असेल का?

नुसत्या काजळीवरून दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असं समजू नका. ग्लॉक कारखान्यातच गोळ्या झाडून तपासतात, थोडी काजळी असणारच. आधी मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, कारण हे पिस्तूल खोलून भाग सुटे करताना ट्रिगर दाबावाच लागतो. मग स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) आत बघा. तांब्याच्या रंगाचं ग्रीस दिसतंय? ते कारखान्यातलं (पुसू नका, कंपनीच तसं सांगते). ते जागेवर असेल तर पिस्तूल फारसं चाललेलं नाही. ग्रीस पूर्ण गायब आणि नळीवरची काळी झिलई घासून धातू चमकतोय, तर मात्र दुकानदाराला जाब विचारा. बाहेरचे बारीक ओरखडे बहुधा काउंटरवर हाताळणाऱ्या गिऱ्हाइकांचे.