भिंतीपासून जरा सरकून

प्रश्न : आमच्या अंगणात कुंपणाच्या दोन भिंती मिळतात तो पाच फूट बाय पाच फुटांचा कोपरा आहे. गेल्या वर्षी तिथे झेंडू, गुलबक्षी, जास्वंद, हाती आलं ते लावलं. मागची झाडं सुकली, पुढची माजली, लांबून नुसतं रान दिसायचं. एवढ्याशा जागेत फुलांचा वाफा कसा आखावा?

उत्तर : मागची झाडं का सुकली ते आधी सांगते, कारण आखणी त्यावरच ठरते. भिंतीच्या पायथ्याची माती लवकर कोरडी पडते. तिरका पाऊस भिंत अडवते, आणि दिवसभर तापलेली भिंत उन्हं उतरल्यावरही धग सोडत राहते. त्यातून बांधकामाचा चुना, विटांचे तुकडे बहुधा तिथेच पुरलेले असतात. तेव्हा दोन्ही भिंतींलगत फूटभर पट्टी मोकळी सोडा. माझ्या पहिल्या वाफ्याची माती मी थेट घराच्या भिंतीला टेकवली होती. एका पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल आली, रंगाचे पोपडे निघाले आणि सगळी माती उपसावी लागली. तुमची भिंत कुंपणाची आहे, तरी पट्टी सोडाच. मागची फांदी छाटायला तिथूनच शिरता येतं.

आता आकार. दोन्ही भिंतींपासून 1 फूट सोडून खुंटी ठोका, तिला 4 फुटांची दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाला काडी धरून या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत रेघ ओढा. पाव वर्तुळ तयार होईल, साधारण साडेबारा चौरस फुटांचं. सरळ रेघेनं कापलेल्या त्रिकोणात 8 चौरस फूटच मिळाले असते, शिवाय त्याच्या निमुळत्या टोकांत एकही रोप धड वाढत नाही. माती फूटभर खणून खडे वेचा आणि 2 इंच कुजलेलं खत मिसळा. त्याला साठेक लिटर खत लागेल.

रोपं आणण्याआधी एक स्वच्छ दिवस त्या कोपऱ्यासाठी द्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावलीच्या कडेला खडे ठेवा. सहा तास ऊन मिळत असेल तर माझी मांडणी अशी : मागे एकच जास्वंद, दोन्ही भिंतींपासून 2 फुटांवर. तिच्यापुढे एकाच रंगाची पाच-सहा झिनियाची रोपं, फूटभर अंतरानं. कडेला सदाफुली किंवा चिनी गुलाब. ऊन कमी असेल तर मागे तगर आणि पुढे अबोली लावा. पांढरी तगर अंधारलेल्या कोपऱ्यात फार सुंदर उठून दिसते.

प्रकार तीनच ठेवा. एकेक रोप दहा जातींचं लावलं की डोळा कुठेच ठरत नाही. तुम्हाला जे रान दिसलं ते यामुळेच. गुलबक्षी मला अतिशय प्रिय आहे, तिन्हीसांजेला उमलणारी, पण छोट्या वाफ्यात ती नको. तिची मुळं कंदासारखी जाड होतात, बिया सांडून ती आपोआप पसरते आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. तिला वेगळी कुंडी द्या.

वाफ्याच्या मधोमध पाय ठेवायला एक सपाट दगड बसवा. कडेवरून हात दोनेक फूटच पोचतो, आणि पाय पडून माती घट्ट झाली की मुळं गुदमरतात.

पहिल्या वर्षी जास्वंद लहान असेल आणि तिच्याभोवती मोकळं मोकळं वाटेल. ती जागा दुसऱ्या झुडपानं भरू नका. त्या हंगामापुरती तिथेही झिनियाच पेरा.